पहिलं नाव डेरिकचं

बर्नाडीन हुडाकला लोकांची दया नको होती. दया सोडून दुसरं काहीही चाललं असतं.

नवरा गेल्यापासून हॅरोज रन गावातली माणसं तिच्याशी दवाखान्यात बोलावं तशी बोलायला लागली होती. पोस्टात, वाण्याकडे, रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर, जिथे तिथे मान जरा कलती करून आणि आवाज उतरवून विचारायची, "बरी आहेस ना, बर्नी?" ही बाई उभा जन्म शाळेची बस चालवत आलेली. बर्फाने घसरड्या झालेल्या टेकडीवर पोरांनी भरलेली बस उलटी वळवायची आणि मागच्या पोरांना आरशातून दम भरायची. रेजिस जिवंत होता तोवर हीच माणसं तिला म्हणायची, "बर्नी, आवाज कमी कर, नदीपलीकडची कुत्री भुंकायला लागली." आता ती कितीही मोठ्याने बोलली तरी कुणी चकार शब्द काढत नसे. माणूस मेल्यावर त्याच्या बायकोलाही अर्धं पुरून टाकायची ही रीत कुणी काढली कोण जाणे.

रेजिसने मागे ठेवलेल्या वस्तूंत एक खुर्ची होती. बंबखान्याच्या हॉलमध्ये, लांब टेबलाभोवती मांडलेल्या दहा खुर्च्यांतली एक. लोखंडी, घडीची, बसलं की कुरकुरणारी. ऑगस्ट संपत आला की त्या टेबलाभोवती गावची फँटसी लीग भरायची आणि रेजिस हुडाक त्या खुर्चीत बसून सगळ्यांची अक्कल काढायचा.

खेळ म्हटला तर पोरखेळ. खऱ्या फुटबॉल संघांतले खरे खेळाडू आधी आपसांत वाटून घ्यायचे. मग रविवारी ते मैदानावर जे काही करतील त्याचे गुण आपल्या नावावर. बाकीच्या गावांत लोक चेंडू फेकणारे, झेलणारे आणि घेऊन पळणारे तेवढे निवडतात. हॅरोज रनमध्ये तसलं चालत नाही. इथे अडवणारे गडीसुद्धा एकेक करून नावाने घ्यावे लागतात, कारण ही लीग काढली चेस्टर ओनुफरने, आणि चेस्टर शाळेत असताना पुढच्या फळीत चिखलात तोंड घालून खेळलेला. "जो लोळतो त्याला मोजायचं नाही, मग मोजता कशाला?" हे त्याचं तत्त्वज्ञान. आता त्याचे दोन्ही गुडघे धातूचे आहेत, पण तत्त्वज्ञान तेच आहे.

लीगचे नियम थोडे आणि कडक. त्यातला सगळ्यात कडक असा की सलग दोन हंगाम जो तळाला जाईल त्याने खुर्ची सोडायची. रांगेत थांबलेला पुढचा माणूस तिथे बसणार. सध्या रांगेत चेस्टरचाच जावई ब्रेंट होता. विम्याच्या कचेरीतला, इस्त्रीचा शर्ट घालणारा, सभ्य आणि चिकाटीचा.

गेल्या हंगामाच्या सुरुवातीलाच रेजिस गेला. उरलेले रविवार बर्नाडीनने त्याच्या खुर्चीवरून कसेबसे ढकलले. कोण जखमी, कोण बाकावर, तिला काही सुधरत नव्हतं. ती तळाला गेली. कुणी हसलं नाही. स्टॅश गोर्नीसुद्धा हसला नाही, जो स्वतःच्या लग्नात पाद्र्याची नक्कल करून हशा पिकवत होता. उलट त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिला त्या हाताचा असा राग आला की घरी जाऊन तिने जेवणाची भांडी आपटून आपटून घासली.

म्हणजे यंदा पुन्हा तळाला गेली की खुर्ची गेली. आणि तिला ती खुर्ची हवी होती. रेजिसची आठवण म्हणून नव्हे. आठवणीला घरात त्याचे बूट होते, दाढीचा ब्रश होता, अर्धवट रंगवलेलं कुंपण होतं. गावात एवढं एकच टेबल असं होतं की जिथे माणसं एकमेकांना तोंडावर गाढव म्हणत. त्या टेबलावर तिला स्वतःच्या हक्काने गाढव म्हणवून घ्यायचं होतं.

आता इथे डेरिक मॅटिस्को येतो.

डेरिक याच गावचा. बर्नाडीनच्याच बसमधून शाळेत गेला, तिच्यासमोर दाराएवढा वाढला आणि पुढे थेट मोठ्या संघात पोचला. पुढच्या फळीतला गडी, तीनशे पौंडांचा. गावातल्या निम्म्या खिडक्यांत त्याच्या नावाचा शर्ट टांगलेला. तो मोठ्या संघात गेला त्या वर्षापासून बंबखान्यात एक रीत पडली. तळाला आलेल्याला पुढच्या वर्षी पहिली निवड मिळते आणि त्याने पहिलं नाव डेरिकचंच घ्यायचं. नाव घेतलं की सगळे उठून टाळ्या वाजवणार, आणि डेरिकची आई रोझली हिने पाठवलेला अक्रोडाचा रोल कापला जाणार. तळाच्या माणसाला सांत्वनाला सांत्वन, गावच्या पोराला मानाला मान.

रीत गोड होती यात वाद नाही. पण वाणी एल्मर टोमको तळाला आला, त्याने डेरिकला घेतलं आणि पुन्हा तळाला जाऊन खुर्ची घालवून बसला. त्यानंतर न्हावी पीट कुबिनाचंही तेच झालं. पुढच्या फळीतला गडी कितीही भला असला तरी पहिल्या निवडीला घ्यायचा माल तो नव्हे. पहिल्या निवडीला चेंडू घेऊन पळणारे घ्यावेत हे शेंबड्या पोराला कळतं. हॅरोज रनलाही कळत होतं. पण आपला तो बाब्या. एल्मर बाहेर गेला तेव्हा सगळ्यांनी नशिबाला दोष दिला, पीट गेला तेव्हा हवेला.

जुलैतच चेस्टरने तिला पेट्रोल पंपावर गाठलं. "बर्नी, काही काळजी करू नकोस. डोळे मिटून डेरिकला घे. गेल्या वर्षी अकरा वेळा त्याने चेंडू फेकणाऱ्यालाच आडवं केलंय. पुढचं आम्ही बघू."

"पुढचं काय बघणार तुम्ही?"

"म्हणजे, समज, नाहीच जमलं," चेस्टर पंपाच्या आकड्यांकडे बघत म्हणाला, "तर रेजिसच्या खुर्चीवरून तुला कोण उठवणार आहे?"

बर्नाडीनने टाकीचं झाकण जोरात लावलं. तिथेच तिने ठरवलं की डेरिक खरोखर काय लायकीचा आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. खेळाच्या मासिकांतल्या अंदाजांवर नाही, चेस्टरवर नाही आणि गावच्या खिडक्यांवर तर मुळीच नाही.

ऑगस्टात संघांचे सरावाचे सामने लागतात. त्यांचा निकाल कुणी लक्षात ठेवत नाही. तिने डेरिकच्या संघाचे ते सामने रेकॉर्ड करून ठेवले आणि सकाळची कॉफी घेऊन टीव्हीसमोर बसली. रेजिसचं एक म्हणणं होतं: चेंडूकडे बघायचं नाही, चेंडूकडे सगळं जग बघतं. तिला ते अवघड गेलं नाही. बस चालवणाऱ्याला आरशात ओरडणाऱ्या पोराकडे दुर्लक्ष करून गप्प बसलेल्याकडे बघायची सवयच असते.

तिने फक्त डेरिककडे बघितलं.

गेल्या वर्षी तो फळीच्या टोकाला उभा असायचा. समोर एकच माणूस, बाजूला मोकळी जागा. त्याला चुकवून वळसा मारला की चेंडू फेकणारा हाताशी. यंदा संघाला नवा प्रशिक्षक आला होता आणि त्याने डेरिकला उचलून मधोमध ठेवलं होतं. चेंडू हलला की दोन-दोन माणसं त्याच्यावर पडत. तो पाय रोवून, मान खाली घालून, दोघांना छातीवर घेऊन उभा राही. पडत नसे, पण कुणाला पाडतही नसे. आणि समोरचे आता नक्की चेंडू फेकणार, गुण मिळवायची खरी संधी आली, की प्रशिक्षक त्याला बाहेर बोलवून घेई. तो बाकावर बसून पाणी पीत असे आणि त्याच्या जागी कुणीतरी सडपातळ, चपळ पोरगा धावत जाई.

लीगच्या हिशोबात कुणाला पाडलं की गुण, चेंडू फेकणाऱ्याला पाडलं की जास्त गुण, सुटलेला चेंडू उचलला की त्याहून जास्त. दोन माणसांना छातीवर धरून ठेवलं तर शून्य. अकरा वेळा जाऊ द्या, दोन वेळा जरी तो पोचला तरी खूप, असं तिने मनाशी म्हटलं. डेरिकचा यंदाचा भाव शेवटच्या फेरीचा. कदाचित तेवढाही नाही.

तिने टीव्ही बंद केला, कुंपणाचा थोडा भाग रंगवला आणि परत येऊन टीव्ही लावला. एक प्रश्न तिला सोडत नव्हता. ती दोन माणसं डेरिकवर अडकली म्हणजे दुसरीकडे कुठेतरी दोन माणसं कमी पडणार. मग तिथे कोण आहे?

टेव्हिन रूक्स होता. डेरिकच्या पाठीमागे चार पावलांवर उभा, मागच्या ओळीतला तरुण गडी. त्याच्या अंगावर कुणी येतच नव्हतं. येणार कसं? येणारे डेरिकने धरलेले. टेव्हिन मोकळ्या वाटेने निवांत जाई आणि पळणाऱ्याला पाडी. पुन्हा पाडी. समालोचक त्याचं नाव घेई. तिने ते तुकडे मागे-पुढे करून इतक्यांदा पाहिले की दुपारचं जेवण राहून गेलं. डेरिकची सगळी मेहनत टेव्हिनच्या नावावर जमा होत होती आणि मासिकांनी टेव्हिनला पार शेवटच्या पानावर टाकला होता.

"सापडलास," बर्नाडीन टीव्हीला म्हणाली.

निवड शनिवारी बंबखान्यात करायची, पण रोझलीला आधी सांगणं भाग होतं. बायका पाठीमागे बोलतात असा पुरुषांचा एक लाडका समज आहे. बर्नाडीनने जन्मात कुणाच्या पाठीमागे काही केलं नव्हतं. दर गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका जमून विकायच्या पिरोग्या, म्हणजे पाण्यात उकडायच्या करंज्या, करत. रोझली मॅटिस्को टेबलाच्या टोकाला बसून बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोग्यांच्या कडा दाबत होती. तिच्या हातची पिरोगी उकळताना कधी फुटत नाही असा तिचा लौकिक होता. बर्नाडीन शेजारी बसली आणि कणकेची चकती हातात घेतली.

"रोझली, मी पहिलं नाव डेरिकचं घेणार नाहीये."

रोझलीने कड दाबली. "बरं."

"तो वाईट खेळतोय म्हणून नाही. चांगलाच खेळतोय. पण त्याची जागा बदललीय, गुण मिळायचे नाहीत."

"मला ठाऊक आहे त्याची जागा बदललीय. दर रविवारी फोन करतो तो मला. बरगड्यांवर बर्फ ठेवून बोलत असतो."

"मग तुला कळतंय ना मी काय म्हणतेय ते."

"कळतंय," रोझली म्हणाली. "पहिलं नाव कुणाचं घेणार?"

"ते आत्ता नाही सांगत."

"नको सांगूस. तुझी पिरोगी उघडी राहिलीय." आणि तिने बर्नाडीनच्या हातातली पिरोगी काढून घेऊन स्वतः बंद केली. त्यानंतर तासभर ती नुसत्या कडा दाबत राहिली. निघताना बर्नाडीनने विचारलं, "रागावलीस का?" रोझली भांड्यात बघत म्हणाली, "शनिवारी मी यंदा रोल पाठवत नाही." बस्स, एवढंच.

बर्नाडीन जिना चढून वर आली. रोझली तिची चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. रेजिस गेला त्या आठवड्यात तिच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरून भांडी घासणारी तीच एकटी. पण आता मागे फिरायचं नाही हेही तिला पक्कं ठाऊक होतं. डेरिकला घेतलं तर गाव खूश, रोझली खूश, आणि आपण आयुष्यभर बिचारी बर्नी.

शनिवारी बंबखान्याच्या हॉलमध्ये पंखे घरघरत होते. बंब बाहेर काढून उभे केलेले, आत दहा खुर्च्या, भिंतीला फळा. ब्रेंट रांगेतला माणूस म्हणून मागच्या बाकावर बसला होता. चेस्टरने घसा खाकरला.

"पहिली निवड, बर्नाडीन हुडाक." टाळ्या वाजवायला माणसं आधीच अर्धी उठली होती. "बोल बाई. पहिलं नाव?"

"टेव्हिन रूक्स."

उठलेली माणसं तशीच अर्धवट वाकून राहिली.

"कोण?" स्टॅशने विचारलं.

"डेरिकच्या मागे उभा असतो तो."

"डेरिकच्या मागे! अगं, डेरिक पुढे उभा आहे ना, तो घे की."

"डेरिक दोघांना धरून ठेवतो, गुण मागचा खातो. मी बघितलंय."

चेस्टरचा चेहरा लालबुंद झाला. हळूहळू तो उभा राहिला, धातूच्या गुडघ्यांना वेळ लागतो. "म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा घेतलास. बीळ खणणाऱ्याला सोडून. याच गावच्या पोराला सोडून."

"बीळ खणण्याला तूच गुण ठेवले नाहीस, चेस्टर. नियम तुझे आहेत."

"डोकं फिरलंय हिचं," स्टॅश म्हणाला. "बसचा धूर गेलाय डोक्यात. अगं म्हातारे, तो रूक्स नवव्या फेरीत फुकट मिळाला असता. पहिल्याच नंबरला कोण घेतं त्याला? रेजिस असता तर खुर्चीवरून पडला असता."

"रेजिस असता तर तुला गप्प बस म्हणाला असता."

"रेजिस असता तर तुला आवरलं असतं त्याने!"

"चाळीस वर्षं जमलं नाही त्याला, तू कशाला नवस करतोस?"

सगळे एकाच वेळी बोलायला लागले. कुणी तिला अडाणी म्हटलं, कुणी आडमुठी. एकाने तर तिला बस धड लावताही येत नव्हती, आपलं गॅरेजचं दार तिनेच तोडलं होतं, असं जुनं मढं उकरून काढलं. बर्नाडीन खुर्चीत ताठ बसून एकेकाला उत्तर देत होती. वर्षभरात पहिल्यांदा तिला श्वास पुरता येत होता. आवाज एवढा वाढला की बाहेर बंबाजवळ उभी असलेली माणसं डोकावून गेली.

मग चेस्टरने टेबल ठोकलं आणि निवड पुढे सरकली. आता गंमत बघा. दुसरी निवड स्टॅशची. डेरिकसाठी एवढा गळा काढलेल्या स्टॅशने घेतलं कुणाला? चेंडू घेऊन पळणाऱ्याला. चेस्टरने चेंडू फेकणारा घेतला. पहिली फेरी गेली, पाचवी गेली, दहावी गेली. प्रत्येक जण फळ्याकडे बघे, डेरिकचं नाव वाचे आणि दुसऱ्याच कुणाचं नाव घेई. मासिकं काही म्हणोत, सरावाचे सामने इतरांनीही पाहिले होते. गावचं पोर बुडतंय हे सगळ्यांना कळलं होतं, फक्त त्याच्याबरोबर बुडायला बर्नी हवी होती. शेवटच्या फेरीतलं शेवटचं नावही कुणीतरी घेतलं. डेरिक मॅटिस्को स्वतःच्या गावात कुणालाच नको झाला. हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघेना.

नेमकी तेव्हा रोझली आत आली. हातात कापडाने झाकलेलं ताट.

"झालं का?" तिने विचारलं. "कुणाकडे गेला माझा मुलगा?"

नऊ पुरुषांनी माना खाली घातल्या. बर्नाडीन म्हणाली, "कुणाकडेच नाही, रोझली."

"खरं?"

"खरं."

रोझलीने ताट टेबलावर ठेवलं आणि एका रिकाम्या बाकाच्या कडेला टेकली. तिने डोळे पुसले. चेस्टर काहीतरी बोलायला गेला, पण तिने हात वर केला.

"इतकी वर्षं सोमवारी मला दुकानात जायची भीती वाटायची," ती म्हणाली. "डेरिकला गुण मिळाले नाहीत की एल्मर मला चीज मोजून देताना बोलायचा नाही. पीटने माझ्या नवऱ्याचे केस कापताना तोंडावर सांगितलं, तुझ्या पोराने मला बुडवलं. त्याचा घोटा मुरगळला होता तेव्हा, पीट. घोटा." पीट तिथे नव्हता, पण सगळ्यांनाच ते लागलं. "तुम्ही टाळ्या वाजवायचात आणि मी रोल पाठवायची आणि मनात म्हणायची, देवा, यंदा कुणी घेऊ नये त्याला. आता तो तुमच्यापैकी कुणाचाच नाही. या वर्षी तो फक्त माझा मुलगा आहे."

तिने कापड काढलं. अक्रोडाचा रोल होता, नेहमीपेक्षा मोठा. "यंदा पाठवला नाही," ती म्हणाली, "स्वतः घेऊन आले. खा." सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ला. मैत्रिणीला आपण इतकी वर्षं काय विचारलंच नाही, हे बर्नाडीनला तिथे कळलं.

हंगाम सुरू झाला. टेव्हिनने तिला निराश केलं नाही. दर रविवारी तो डेरिकच्या पाठीमागून निघे आणि माणसं पाडत सुटे. पण एक टेव्हिन किती ओढणार? पहिली निवड त्याच्यावर घालवल्यामुळे बाकी संघात पळणारे दुसऱ्या दर्जाचे होते, आणि त्यातला एक तर ऑक्टोबरातच पाय मोडून बसला. बर्नाडीन हटली नाही. मंगळवारी जखमींची खबर काढायची, बुधवारी उरल्यासुरल्यांतून कुणी उचलायचा, गुरुवारी पिरोग्या करताना स्टॅशच्या बायकोकडून स्टॅशचे बेत काढून घ्यायचे. शेवटून दुसरी, शेवटची, पुन्हा शेवटून दुसरी असं करत ती डिसेंबरच्या अखेरच्या रविवारी पोचली तेव्हा तळाला दोघंच होती: ती आणि स्टॅश. स्टॅश अगदी थोडा पुढे होता आणि त्याचे सगळे खेळाडू खेळून झाले होते. तिचा एकटा टेव्हिन उरला होता.

तो सामना तिने रोझलीच्या घरी पाहिला. दुपार सरत आली, डेरिकचा संघ पुढे होता, समोरच्यांची शेवटची धडपड चालू होती. टेव्हिनने आणखी एकाला पाडलं असतं तरी बर्नाडीनची खुर्ची राहत होती.

चेंडू हलला. नेहमीप्रमाणे दोन माणसं डेरिकवर पडली. आणि या वेळी, हंगामात पहिल्यांदाच, त्याने दोघांच्या मधून खांदा घातला, एकाला डावीकडे आणि एकाला उजवीकडे लोटलं आणि तो थेट चेंडू फेकणाऱ्यावर जाऊन आदळला. चेंडू सुटला. गवतावर उसळला. त्याच्यावर डेरिक पडला, टेव्हिन पडला, आणि त्या दोघांवर सगळं जग पडलं.

दोघी बायका उभ्या राहिल्या. ढिगाखाली चेंडू कुणाच्या हातात आहे ते दिसत नव्हतं. टेव्हिनच्या हातात असला तर खुर्ची राहिली. डेरिकच्या हातात असला तर तो कुणाचाच नाही, गुण कुणालाच नाहीत.

"माझ्या पोराकडे असू दे," रोझली पुटपुटली. मग आपण काय बोललो ते तिला कळलं आणि तिने बर्नाडीनचा दंड धरला. "बर्नी, मी..."

"गप्प बस आणि बघ."

पंच एकेकाला ओढून बाजूला करत होता. सगळ्यात खाली डेरिक होता. पोटाशी चेंडू कवटाळून. सामना तिथेच संपल्यात जमा होता, टेव्हिनला आता कुणी पाडायला मिळणार नव्हतं. समालोचकाने इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं, पूर्ण नाव, गावाच्या नावासकट. रोझली रडत होती आणि बर्नाडीन हुडाक, जिची खुर्ची नुकतीच गेली होती, ती नदीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्याच्या नावाने ओरडत होती.

पुढच्या शनिवारी बंबखान्यात हिशोब झाला. फळ्यावर तळाला तिचं नाव. चेस्टरने खडू खाली ठेवला, मान कलती केली आणि तो जुना, दवाखान्यातला आवाज काढला.

"हे बघ बर्नी. आम्ही सगळे बोललो. रेजिसची खुर्ची आहे ती. ब्रेंटलाही काही घाई नाही. या एका वेळेला नियम..."

मागच्या बाकावरून ब्रेंटही म्हणाला, "खरंच, मिसेस हुडाक, तुम्ही बसा."

"नाही," बर्नाडीन म्हणाली. "एल्मरसाठी वाकवला होता नियम? पीटसाठी वाकवला होता?"

"त्यांची गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी? त्यांच्या बायका मेल्या नव्हत्या म्हणून? चेस्टर, मी का हरले ते सांग. तुला ठाऊक आहे. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

तिने चेस्टरवरची नजर काढली नाही. हळूहळू त्याची मान सरळ झाली आणि डोळ्यांत जुनी चमक आली.

"सांगू? मग ऐक. तू हरलीस कारण तूही डेरिकच घेतलास, मागच्या दाराने. आमच्यावर हसलीस, गावच्या पोरावर पहिली निवड उधळतात म्हणून. आणि स्वतः काय केलंस? त्याच्या सावलीवर उधळलीस. नवव्या फेरीचा माल पहिल्या फेरीत. एल्मर मूर्ख होता, पीट मूर्ख होता, पण त्यांना निदान माहीत होतं आपण मूर्खपणा करतोय ते. तुला वाटलं तू हुशारी करतेयस. या टेबलावर इतकी गाढव बाई आजवर बसलेली नाही."

स्टॅशने श्वास रोखून तिच्याकडे पाहिलं.

बर्नाडीनने ते सगळं नीट ऐकून घेतलं. शब्द न् शब्द खरा होता. ऑगस्टापासून आपण डेरिकला तोलतोय असं तिला वाटत होतं, आणि तोलताना तिचाच अंगठा पारड्यावर होता.

"रांगेत माझं नाव लिही," ती म्हणाली.

"लिहितो. आधी ऊठ," चेस्टर म्हणाला. "ब्रेंट केव्हाचा ताटकळलाय. ऊठ लवकर, म्हातारे, तुझ्या गुडघ्यांत काही धातू नाही."

तिने खुर्ची मागे सारली आणि ती उठली, आणि मागच्या बाकावर जाऊन बसेपर्यंत हसत राहिली.